सॉव्हिन्यॉन ब्लाँ की शेनिन ब्लाँ? कोल्हापुरी ताटाबरोबर कोणती पांढरी वाइन घ्यावी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांच्या निवृत्तीनिमित्त घरी चौदा माणसांचं जेवण आहे आणि बेत मटणाचा आहे: पांढरा, तांबडा, सुकं, भाकरी, भात. पुण्याहून येणारे काही पाहुणे फक्त वाइन घेतात, तीही पांढरी. वाइन शॉपमध्ये तुमच्यासमोर दोन नावं आली, सॉव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ. दोन्ही घरी आणून चाखलीत. पहिली आंबटढाण लागली, दुसरी गोडसर. दुकानदार म्हणाला, "पहिली भारी, म्हणून तर महाग आहे." त्यात तुमच्या दाजींना गोड वाइन अजिबात चालत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय की शार्दोने ही तिसरी पांढरी वाइन आणली तर हा घोळ मिटेल का.

मी इथे कोल्हापुरात हॉटेलच्या बार आणि डायनिंगमधली वाइन बघतो. खरेदी, साठवण, मेनूवर काय ठेवायचं हे ठरवणं आणि वाढणाऱ्या मुलांना शिकवणं हे माझं रोजचं काम आहे. अमुक वाइनबरोबर तमुक खावं असे जे तक्ते सगळीकडे फिरतात, त्यांत पांढरा रस्सा नसतो आणि खर्डाही नसतो. आपल्या ताटासाठीचा हिशेब आपल्यालाच मांडावा लागतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्हींत चांगली कोणती, या प्रश्नाला उत्तर नाही. दोन्ही द्राक्षांपासून उत्तम वाइन होते आणि सुमारही होते. तुमची खरी अडचण वेगळी आहे. ताटात भरपूर तिखट आहे, रश्शावर तेलाचा तवंग आहे, पांढऱ्यात नारळाचं दूध आहे, आणि ग्लासात आंबट व थंड असं काहीतरी आहे. हे एकमेकांशी भांडणार नाहीत असं जमवायचंय. त्यासाठी द्राक्षाच्या नावाआधी दोन गोष्टी बघायच्या: वाइनमध्ये साखर किती उरली आहे आणि तुमचा तांबडा किती जहाल होणार आहे.

काही गोष्टी मला इथे बसून ठरवता येणार नाहीत, त्या तुम्हीच बघा. तुमच्या घरचा कांदा-लसूण मसाला कोणत्या मिरचीचा आहे? पाहुणे पुण्याचे म्हणून तिखट कमी करणार आहात, की "कोल्हापूरला आलाय तर सोसा" असं ठरलंय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाइन कधी प्यायली जाणार? आपल्याकडे बहुतेक घरांत आधी तासभर गप्पा आणि चखणा चालतो, मग पानं वाढली जातात आणि तोवर ग्लास बाजूला गेलेला असतो. तसंच होणार असेल तर तुमची वाइन मटणाबरोबर नव्हे, भडंगाबरोबर प्यायली जाणार आहे. निम्मं उत्तर तिथेच बदलतं.

आता या दोन द्राक्षांकडे येऊ. दोन्ही मूळची फ्रान्सची, आणि दोन्हींची ख्याती ल्वार नदीच्या खोऱ्याशी जोडलेली. नदीच्या वरच्या अंगाला सांसेर आणि पुई-फ्युमे इथे सॉव्हिन्यॉन ब्लाँ होते, मधल्या पट्ट्यात वूव्रे आणि सावनिएर इथे शेनिन ब्लाँ. पुढे सॉव्हिन्यॉनला जगभर नाव मिळवून दिलं न्यूझीलंडच्या मार्लबरो भागाने. तिथली मोठी व्यापारी लागवड १९७३ साली सुरू झाली आणि ऐंशीच्या दशकात त्या वाइनने सगळीकडे बाजार मारला. शेनिनची सगळ्यात जास्त लागवड आज फ्रान्समध्ये नाही, ती दक्षिण आफ्रिकेत आहे. आपल्याकडे दोन्ही रुजल्या त्या नाशिकमुळे. नाशिकच्याच सुला वायनरीने २००० साली पहिल्यांदा वाइन बाजारात आणली तेव्हा त्या याच दोन होत्या. त्यामुळे महाराष्ट्रातल्या कुठल्याही दुकानात पांढरी मागितली की आजही आधी हीच नावं पुढे येतात. जाता जाता, कॅबर्ने सॉव्हिन्यॉन हे लाल वाइनचं प्रसिद्ध द्राक्ष सॉव्हिन्यॉन ब्लाँ आणि कॅबर्ने फ्राँ यांच्या संकरातून झालेलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या संशोधकांनी १९९७ साली डीएनए तपासून ते दाखवून दिलं. म्हणजे ज्या वाइनला तुम्ही आंबटढाण म्हणालात, तिचं घराणं फार मोठं आहे.

सॉव्हिन्यॉन ओळखायला नाक पुरतं. ग्लास तोंडाजवळ नेला की आधी हिरवा वास येतो: ढबू मिरचीचा देठ नुकताच मोडलाय तसा, ओल्या गवताचा, मग कैरी, पेरू, कधी पपनस. ढबू मिरचीचा वास येतो यात कल्पनेचा भाग नाही. मेथॉक्सिपायरझिन गटातली जी द्रव्यं ढबू मिरचीत असतात, तीच या द्राक्षाच्या सालीत असतात. उन्हाने आणि पिकण्याने ती कमी होत जातात. म्हणून थंड मुलखातली सॉव्हिन्यॉन जास्त हिरवी लागते, आणि नाशिकची, विशेषतः पूर्ण पिकवून काढलेली, पेरू-पपईकडे झुकते. जिभेवर मात्र ती धारदारच असते. तुम्हाला जे आंबट लागलं तो या वाइनचा दोष नाही, तिचा तो स्वभाव आहे.

शेनिनचा वास तितका पुढे येत नाही. पिकलेलं सफरचंद, नासपती, खरबूज, थोडा मध असं काहीतरी हळूहळू कळतं. पण तिचा मोठा गुण वासात नाही, आंबटपणात आहे. गरम हवेत द्राक्षातलं मॅलिक आम्ल वेलीवरच जळून जातं आणि वाइन फिकी, बसकी होण्याचा धोका असतो. शेनिन उष्ण मुलखातही आम्ल टिकवून धरते. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च, असं चक्र असतं. शेवटच्या टप्प्यात दिवसाचं ऊन तापायला लागलेलं असतं. अशा हवेत आम्ल टिकवणारं द्राक्ष मिळणं ही मोठी सोय आहे.

आता तुम्ही म्हणाल, शेनिन आंबट असेल तर मला गोड का लागली? इथे साखरेचा मुद्दा येतो आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. एका लिटरमधल्या साधारण १७ ग्रॅम साखरेपासून १ टक्का अल्कोहोल तयार होतं. म्हणजे १३ टक्क्यांची कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, वाइन हवी असेल, तर रसात लिटरला सुमारे २२० ग्रॅम साखर लागते. आपण तासगावकडची जी थॉमसन द्राक्षं खातो ती वेगळी. वाइनची द्राक्षं आकाराने लहान, जाड सालीची, बिया असलेली आणि पूर्ण पिकल्यावर खाण्याच्या द्राक्षांपेक्षा गोड असतात. यीस्टने सगळी साखर संपवली की वाइन कोरडी होते. पण वाइनमेकरने टाकी मध्येच थंड केली आणि यीस्ट गाळून काढलं, तर थोडी साखर शिल्लक राहते. युरोपच्या नियमांत ढोबळमानाने लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन कोरडी, ४ ते १२ ग्रॅमची निमकोरडी आणि त्यापुढे ४५ ग्रॅमपर्यंत निमगोड. सॉव्हिन्यॉन बहुतेक जण कोरडीच काढतात. शेनिन मात्र पूर्ण कोरडीपासून ते जेवणानंतरच्या दाट गोड वाइनपर्यंत सगळ्या तऱ्हांनी काढली जाते, आणि आपल्या बाजारातल्या खपाच्या शेनिन बऱ्याचदा मुद्दाम थोडी साखर ठेवून केलेल्या असतात. सुलाची शेनिन त्यातलीच, गोडीकडे झुकणारी.

पन्ह्यात गूळ घातला म्हणून कैरीचा आंबटपणा कुठे जात नाही, तो गुळाच्या मागे उभा राहतो. शेनिनचं तसंच आहे. आम्ल भरपूर, पण पुढे साखर आलेली. म्हणून ती चिकट लागत नाही. साखर असून आम्ल कमी पडलेली वाइन प्यालात तर फरक लगेच कळेल, ती घशात सरबतासारखी बसून राहते.

थोडक्यात, "सॉव्हिन्यॉन आंबट, शेनिन गोड" हे तुम्ही काढलेलं अनुमान त्या दोन बाटल्यांपुरतं बरोबर आहे. द्राक्षाचा नियम म्हणून ते धरू नका. महाराष्ट्रातल्या काही वायनऱ्या कोरडी शेनिनही काढतात. तुमच्या दाजींसाठी तीच कामाला येईल, त्याकडे पुढे येतो.

आता तिखट. मिरचीतलं कॅप्सेसिन ही चव नव्हे. जिभेवर भाजल्याची सूचना देणारा एक रिसेप्टर असतो, कॅप्सेसिन तोच चालू करतं, म्हणून तांबडा गार झाला तरी पोळल्यासारखा वाटतो. हा रिसेप्टर १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ओळखला आणि त्या कामासाठी २०२१ साली त्यांना नोबेल विभागून मिळालं. आपल्या कामाची गोष्ट अशी की अल्कोहोलही याच रिसेप्टरला चेतवतं. तिखटाने जीभ आधीच पेटलेली असताना १४ टक्क्यांची वाइन घेतलीत तर आग वाढते, विझत नाही. तीव्र आम्लही त्या हुळहुळलेल्या जिभेवर झोंबतं. उलट साखर आणि गारवा दोन्ही दिलासा देतात. यावरून तिखट जेवणाबरोबरच्या वाइनची मोजमापं ठरतात: अल्कोहोल बेताचं, थोडी साखर, चांगली गार, ओकच्या पिंपाचा कडवट तुरटपणा शक्यतो नको. या चारही गोष्टी दुकानातल्या ज्या बाटलीत सहज एकत्र सापडतात, ती म्हणजे किंचित गोडी असलेली शेनिन. जेवणाबरोबरचं माझं उत्तर हेच आहे आणि ते मी ठामपणे देतो.

पण ताटातल्या प्रत्येक वाटीपाशी वाइन वेगळी वागते. आमच्याकडे नवीन मुलं कामाला आली की मी त्यांच्यासमोर पांढऱ्याची एक वाटी, तांबड्याची एक वाटी, भाकरीचा तुकडा आणि या दोन वाइनचे दोन ग्लास ठेवतो आणि क्रमाने घ्यायला लावतो. तुम्हीही जेवणाच्या आधी घरी हे करून बघा, कारण तुमच्या मसाल्याचं मोजमाप तुमच्याच जिभेवर कळणार.

आधी पांढरा. मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, त्यात नारळाचं दूध, वाटलेले तीळ, खसखस, काजू, आलं-लसूण, वर लवंग-दालचिनी-वेलदोड्याचा वास. एक घोट रस्सा घ्या. तो गिळल्यावर टाळूला आणि ओठांच्या आतल्या बाजूला स्निग्धपणाचा एक पातळ थर राहतो, तो जिभेने चाचपून बघा. आता शेनिनचा घोट. आम्ल तो थर धुऊन नेतं, साखर नारळाच्या दुधातल्या गोडीला जाऊन मिळते, आणि मागे वेलदोडा पहिल्यापेक्षा जास्त स्पष्ट राहतो. पुढचा घोट रश्शाचा घ्यावासा वाटतो. जोडी जमली की नाही हे ओळखायची माझी कसोटी एवढीच आहे. आता तसंच सॉव्हिन्यॉनबरोबर करा. थर तीही धुते, पण तिचा हिरवा वास नारळाच्या दुधाशेजारी उपरा वाटतो आणि रस्सा एकदम पाणीदार लागायला लागतो. वाईट म्हणणार नाही, पण ज्या पांढऱ्यासाठी घरच्यांनी सकाळपासून खपून वाटण केलं, तो फिका पडावा असं मला कधीच वाटत नाही. एक काळजी मात्र घ्या. पांढरा आपण वाफाळता पितो. कढत रस्सा आणि लगेच बर्फगार वाइन हे दातांनाही सोसत नाही आणि चवही मारतं. मध्ये भाकरीचा एक घास खा, मग ग्लास उचला.

तांबड्याचं खरं सांगायचं तर अस्सल जहाल तांबड्यापुढे कुठलीच वाइन टिकत नाही. कॅप्सेसिन तेलात विरघळतं आणि तांबड्याचा सगळा जोर त्या वरच्या तवंगात असतो. तवंगासकट घोट घेऊन सॉव्हिन्यॉन प्यालात तर फळाचा वास गायब होतो आणि उरतो तो कोरा आंबटपणा, वर थोडा कडवटपणा. निमकोरडी शेनिन इथे तग धरते, चवीने नव्हे, गारव्याने आणि साखरेने. म्हणून वाइन घेणाऱ्यांच्या वाटीत तवंग जरा बाजूला करून वाढा, आणि ताटात दही-कांदा हवाच. दुधातलं केसीन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून उचलून नेतं, ते काम वाइनचं नाही.

सुक्या मटणाबरोबर अडचण कमी आहे. परतलेला कांदा आणि भाजलेलं खोबरं यांना स्वतःची गोडी असते, शेनिन तिच्याशी सहज जुळते. मिसळीबरोबर काय, असं कुणी विचारलंच तर चहा.

सॉव्हिन्यॉन मग कधी? पानं वाढायच्या आधी. त्या तासाभरात तिच्यासारखी वाइन नाही. भडंगात बारीक कांदा, कोथिंबीर घालून वर लिंबू पिळा आणि सोबत ही वाइन गार करून द्या. कोथिंबिरीचा हिरवेपणा आणि वाइनचा हिरवेपणा एकाच सुरात येतात, लिंबाच्या आंबटपणापुढे तिचा आंबटपणा सौम्य वाटतो, आणि मीठ तिला आणखी गोलाई देतं. हा मिठाचा परिणाम साध्या खाऱ्या शेंगदाण्यांवरही तपासता येतो: आधी नुसता घोट, मग चार दाणे, मग पुन्हा घोट. दुसरा घोट पहिल्यापेक्षा मऊ लागतो. हिरव्या वाटणाचे कबाब, पुदिन्याची चटणी, काकडी, पनीर, रत्नागिरीहून आलेली सुरमई तव्यावर तळून वर लिंबू, या सगळ्यांना ती हवीच. सांसेरमध्ये शेळीच्या दुधाच्या चीजबरोबर हीच वाइन पितात, तिथेही हिशेब तोच: खारट, स्निग्ध पदार्थ आणि समोर धारदार आम्ल. तुम्ही ती कशाबरोबर चाखलीत ते लिहिलं नाहीत. नुसतीच प्यालात असाल तर आंबट वाटणं साहजिक आहे.

म्हणून दोन्हीतली एक निवडू नका. आधी सॉव्हिन्यॉन, पानं मांडली की शेनिन, अशा क्रमाने ठेवा. उलट क्रम मात्र टाळा. गोडसर वाइननंतर कोरडी घेतली की ती आहे त्याहून दुप्पट आंबट वाटते, आणि मग पाहुण्यांचंही मत तुमच्यासारखंच होईल.

दाजींचं काय करायचं? गोड नको म्हणणाऱ्या बहुतेकांचा आक्षेप साखरेवर नसतो, चिकटपणावर असतो. तरी त्यांच्यावर प्रयोग करू नका, पाहुण्याची आवड ती आवड. त्यांना सुरुवातीची सॉव्हिन्यॉन आवडणारच आहे. जेवणासाठी एक बाटली कोरड्या शेनिनची आणा. अकलूजच्या फ्रातेल्लीची किंवा नाशिकच्या एखाद्या छोट्या वायनरीची शेनिन मिळाली, तर मागचं लेबल वाचून कोरडी असल्याची खात्री करून घ्या. आणि हो, रश्शाचे दोन घोट झाल्यावर लिटरला दहा-बारा ग्रॅम साखर जिभेला फारशी जाणवत नाही, हे मी टेबलावर नेहमी बघतो. त्यांनी आपणहून मागितली तर निमकोरडीही द्या.

दुकानदाराच्या "महाग म्हणून भारी" या बोलण्याला मान देऊ नका. एकाच कंपनीच्या दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर सॉव्हिन्यॉन बहुधा थोडी वरच्या किमतीची निघते हे खरं. पण त्यात शेनिनच्या वेलीला उत्पादन जास्त येतं याचा मोठा वाटा आहे. मागणीचाही आहे. तुमच्या ताटाबरोबर कोणती चांगली लागेल, याचा त्या किमतीशी संबंध नाही.

किमतीपेक्षा बाटली कशी ठेवलीय ते बघा. याबाबत मी फार काटेकोर आहे, कारण चांगली वाइन इथेच मरते. या दोन्ही वाइन ताज्या पिण्यासाठी केलेल्या असतात. शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली, नाहीतर एप्रिल-मेच्या उकाड्यात पत्र्याखालच्या गोदामात महिनोन्महिने उभी राहिलेली बाटली घेऊ नका. उष्णतेने तिचा ताजा वास जातो, रंग पिवळसर होतो आणि शिजवलेल्या सफरचंदासारखी चव येते. सॉव्हिन्यॉनचं यात जास्त नुकसान होतं, कारण तिची सगळी मौज त्या हिरव्या वासात आहे. बाटलीवरचं साल किंवा भरल्याची तारीख वाचा. सॉव्हिन्यॉन दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर सोडा, शेनिनला थोडी सवलत द्या. दुकानात एसी असेल किंवा बाटल्या फ्रिजमध्ये असतील तर तिथूनच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. स्क्रूचं झाकण बघून हलकी समजू नका. ताज्या पांढऱ्या वाइनला ते बुचापेक्षा जास्त जपतं, न्यूझीलंडवाले सर्रास तेच वापरतात.

घरी आणल्यावर बाटल्या आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये ठेवा. घरच्या फ्रिजचं तापमान ४ अंशांच्या आसपास असतं, तेवढ्या गार वाइनला वासच येत नाही. दोन्ही ८ ते १० अंशांना छान लागतात, म्हणजे बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटांनी ओता. चौदा माणसांच्या स्वयंपाकात फ्रिजमध्ये जागा उरणार नाही हे मला माहीत आहे. अशा वेळी मोठ्या पातेल्यात निम्मं बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटल्या गळ्यापर्यंत बुडवा, वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात उभी केलेली बाटली त्यापेक्षा खूप हळू गार होते, कारण बर्फाचे खडे काचेला जेमतेम टेकलेले असतात, पाणी मात्र सगळीकडून भिडतं. ग्लासात बर्फ टाकायची वेळ येऊ देऊ नका. वितळलेलं पाणी आम्ल आणि वास दोन्ही पातळ करतं. ग्लास अर्ध्याच्या खालीच भरा आणि पुन्हा पुन्हा ओता, म्हणजे वाइन हातात कोमट होत नाही.

आता किती घ्यायची. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास बसतात. चौदांपैकी साधारण नऊ जण वाइन घेतील असं धरलं आणि माणशी साधारण अडीच ग्लास मोजले, तर पाच बाटल्या पुरतात: दोन सॉव्हिन्यॉन, दोन निमकोरडी शेनिन, एक कोरडी शेनिन. चखण्याचा वेळ लांबणार असेल तर एक सॉव्हिन्यॉन वाढवा. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहते, त्यामुळे उरलं तरी वाया जात नाही. पुण्याला त्याच रात्री गाडी चालवत परत जाणारे कोणी असतील तर त्यांच्या ग्लासात सोलकढी.

शार्दोनेबद्दल. सगळ्या शार्दोने सारख्या नसतात. ओकच्या पिंपात ठेवलेली शार्दोने लोण्यासारखी, व्हॅनिलाच्या वासाची होते, अल्कोहोलही बहुधा जास्त असतं, आणि तांबड्यापुढे तो ओक कडवट लागतो. न्यायचीच असेल तर पिंपात न ठेवलेली घ्या आणि ती पांढऱ्यापुरती ठेवा. माझ्या मते या बेताला तिची गरज नाही.

एक शेवटची व्यवहाराची गोष्ट. शेनिन निमकोरडी आहे की कोरडी हे पुढच्या लेबलवर बऱ्याचदा नसतं. मागच्या बाजूला चवीचं वर्णन असतं, ते दुकानातच वाचा. तिथेही उलगडा झाला नाही तर लेबलचा फोटो इथे टाका आणि घरचा तांबडा कितपत तिखट होतो ते लिहा, म्हणजे त्या पाच बाटल्यांचं गणित बदलायचं का ते सांगतो.